फ्रिजमधली उबवण

सासरेबुवांनी चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले. त्यांनी बसवलेल्या दारातून हवेचा कणही कधी निसटला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! सुनेनं कोंबड्या पाळायला घेतल्या, तेव्हा त्यांनी एका मोडक्या फ्रिजात बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली, दाराला नवंकोरं रबर बसवलं आणि अंडी उबवायचं यंत्र करून दिलं. दार इतकं घट्ट, की उघडायला दोन्ही हात लागत.

पहिल्या खेपेला चोवीस अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. सासरेबुवांनी खापर कोंबड्यांवर फोडलं. सुनेनं दुसरी खेप लावली आणि सांगून टाकलं, की हीही वाया गेली तर कोंबड्या विकून आपण कारखान्यात नोकरी धरणार. सासरेबुवांना ते नको होतं. ती दिवसभर बाहेर गेली की घरात ते आणि भिंती.

सुनेनं पहिल्या खेपेची वाया गेलेली अंडी फोडून पाहिली होती. पिल्लं पुरी वाढलेली, पण आतल्या आत गुदमरलेली. दुसऱ्या खेपेच्या एकोणिसाव्या दिवशी ती म्हणाली, दाराला भोकं पाडू या. सासरेबुवा भडकलेच. अंड्याला काय नाक असतं, उगाच माझं डोकं खाऊ नकोस, म्हणाले.

तिनं स्वयंपाकघरातलं एक अंडं गरम पाण्यात सोडलं. कवचावर बारीक बारीक बुडबुडे उमटले.

फ्रिजच्या नळ्यांना साबणाचा फेस लावून, बुडबुडा दिसेल तिथे गळती धरायची, यात सासरेबुवांचा जन्म गेलेला. चष्मा चढवून ते भांड्यावर वाकले.

"हे तर सगळीकडून गळतंय," ते पुटपुटले.

"बाबा, तिथूनच हवा आत जाते. पिल्लू वाढलं की त्याला जास्त लागते, आणि आपण दार ठासून बंद केलंय."

सासरेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ड्रिल काढलं, दाराला टेकवलं, पुन्हा मागे घेतलं. शेवटी मन घट्ट करून दोन भोकं खाली पाडली, दोन वर. मग दोन दिवस स्टूल टाकून तिथेच बसले, जेवलेही तिथेच.

एकविसाव्या दिवशी सकाळी आतून टकटक सुरू झाली. संध्याकाळपर्यंत सतरा पिल्लांनी घर डोक्यावर घेतलं होतं. सून हसत होती आणि डोळेही पुसत होती. सासरेबुवांनी वरच्या भोकापाशी हात धरला. गरम, कुबट हवा तळहातावर येत होती.

"पुढची खेप लावायच्या आधी सांग गं," ते म्हणाले. "अजून दोन भोकं पाडीन म्हणतो."