आधी हात धू

चावीवाल्याची बायको जाऊन आठ महिने झाले होते. ती असताना घरात दिवसभर एकच घोष चालायचा, "आधी हात धुवा!" त्याच्या हातांना तेल आणि पितळेचा भुगा. आणि लेकीला नवव्या वर्षापासून मधुमेह, दिवसातून चार-पाच वेळा बोट टोचून साखर बघायची. बायकोचा दोघांवरही पहारा. तो तिला फौजदार म्हणायचा.

आता लेकीला मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "घाई करू नकोस. तुझी तीन महिन्यांची सरासरी साखर आधी साडेसहा टक्क्यांच्या खाली आण. फॉलिक ॲसिडची गोळी आतापासूनच सुरू कर, डोळे आणि मूत्रपिंडं तपासून घे." सरासरी तेव्हा साडेआठ होती. लेकीने कंबर कसली. जावईही तिच्याबरोबर मोजूनमापून जेवू लागला, रोज चालायला लागला. पुढच्या तपासणीत आकडा सातवर आला. उद्या पुन्हा तपासणी होती.

दुपारी ती बापाच्या दुकानात आली. बाप हल्ली धड खात नाही, म्हणून तिने समोर बसून त्याला दोन संत्री सोलून दिली. मग जेवणाआधी स्वतःचं बोट टोचलं. आकडा आला दोनशे नव्वद.

तिचा चेहरा उतरला. "संपलं, बाबा. एवढं पोट मारून हे! माझ्या नशिबातच नाही." तिने इन्शुलिनचं पेन काढलं. "थोडं जास्तच घेते आता."

त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. संत्र्याच्या रसाने चिकट झालेली, नखं पिवळी. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "आधी हात धू!"

"बाबा, ही काय मस्करीची वेळ आहे?"

"मस्करी कसली? धू म्हणतो ना. साबणाने."

तिने बोटांकडे पाहिलं आणि ती नळाशी गेली. हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे आठ. मघाचा आकडा बोटाला लागलेल्या रसातल्या साखरेचा होता.

तिने पेन खाली ठेवलं. "ते जास्तीचं इन्शुलिन घेतलं असतं तर साखर एकदम खाली जाऊन इथेच आडवी झाले असते, बाबा."

"फौजदार अजून ड्युटीवर आहे म्हणायचं," तो म्हणाला. दोघं हसले. मग तिने डोळे पुसले, त्यानेही.

आठ महिने तो बायकोवर रुसून होता, मला मागे ठेवून पुढे गेलीस म्हणून. त्या दुपारी पहिल्यांदा त्याने मनातल्या मनात तिचे आभार मानले.

दोन दिवसांनी लेक रिपोर्ट नाचवतच दुकानात शिरली. "सहा पॉइंट तीन! बाई म्हणाल्या, आता हरकत नाही. घ्या, वाचा!"

त्याने हातातली चावी खाली ठेवली, पण कागद घेतला नाही. आधी नळाशी गेला.

"अहो बाबा, कागदच आहे तो!"

"असू दे," कोपरापर्यंत साबण चोळत तो म्हणाला. "सवय लागलेली बरी. बाळाला घेताना ओरडायला ती नसणार."