पहिल्याच फेरीत गप्प

बेकरीवाल्याची व्हॅन तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा थोरलीने हातातला पाना गॅरेजच्या बाकावर आपटला. मागच्या चाकांना जोर पोचवणारा डिफरन्शियल तिच्या वडिलांनी, अप्पांनी, जुळवून दिला होता; आणि वेग घेतला की व्हॅन डासासारखी गुणगुणत होती.

"या वेळी नाही जमलं तर दुसरीकडे नेतो," बेकरीवाला म्हणाला. "लोक विचारतात, पाव आणलेत की माश्या?"

"आवाज कसला?" अप्पा आतून ओरडले. "मी स्वतः फिरवून आणली. लोण्यासारखी चालते."

बेकरीवाल्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने जमिनीकडे.

अप्पांनी जन्मभर गिअरचे दात कानाने जुळवले होते. बसवायचं, गाडी फिरवून आणायची, ऐकायचं, पुन्हा खोलायचं. तीन-चार हेलपाटे ठरलेलेच. अलीकडे मात्र पहिल्याच फेरीत आवाज बंद व्हायला लागला. "आता कुठे हात बसला," असं अप्पा मिशीत हसून सांगत. थोरलीलाही ते खरंच वाटलं होतं. मग एकदा चहाची किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली आणि शेजारीच बसलेल्या अप्पांनी पेपरातून डोकंसुद्धा वर केलं नाही. बारीक, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. हे त्यांना सांगायचं कोणी आणि कोणत्या तोंडाने?

तिने न सांगताच डिफरन्शियल खाली उतरवला. मोठ्या चक्राच्या, म्हणजे क्राऊनच्या, चार दातांना पिवळा रंग लावला. एका हाताने क्राऊनवर चिंधी दाबून धरली, म्हणजे त्याला थोडा भार मिळतो, आणि दुसऱ्या हाताने त्याला फिरवणारा लहान गिअर, पिनियन, फिरवला. दात जिथे दाताला टेकला तिथला रंग पुसला गेला. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा होता. तो आला होता अगदी शेंड्यावर.

"रंगपंचमी कशाला?" अप्पा मागे येऊन उभे राहिले. "कान काय भाड्याने दिलेत?"

"पिनियन क्राऊनपासून लांब राहिलाय, अप्पा. मागे जाड शिम घालावी लागेल."

"मी घातली तीच बरोबर आहे."

वाद घालण्यापेक्षा काम सोपं, असं तिला वाटलं. पण तेही खोटं ठरलं. शिम म्हणजे कागदासारखी पातळ चकती, पण ती बसते बेअरिंगच्या मागे आणि बेअरिंग काही केल्या निघेना. ते ओढून काढायचा पुलर घसरला, बोटाची साल निघाली. जाड शिम घालून, क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली फट पुन्हा नीट करून तिने सगळं परत जुळवलं, रंग लावला, फिरवलं. ठसा आता दाताच्या तळाशी. शिम फारच जाड झाली होती. पुन्हा बेअरिंग, पुन्हा पुलर. तिला रडू येत होतं, पण ग्रीसच्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती.

"अगं, उगीच जीव काढतेस," अप्पा म्हणाले. "माझ्या हातात पहिल्या फेरीत गप्प होतो."

"पहिल्या फेरीत कोणाच्याच हातात गप्प होत नाही, अप्पा!" ती ओरडली. "तुम्हीच शिकवलंत ना? तीन-चार हेलपाटे. मग ते गेले कुठे?"

अप्पा स्टुलावर बसले आणि समोरच्या पिवळ्या दातांकडे पाहत राहिले. मधल्या जाडीची शिम त्यांनीच डब्यातून शोधली आणि तिच्या पुढे धरली.

या वेळी ठसा मधोमध आला. लांबट, मऊ कडांचा, हवा तसा. अप्पांनी चष्मा वर करून तो पाहिला, मग बोटाने दात चाचपले. "झिजलेत," ते पुटपुटले. "शेंड्यावर चालवलेत मी."

संध्याकाळी दोघं व्हॅन घेऊन निघाली. थोरली चालवत होती. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, वेग वाढला. गुणगुण नव्हती. तिने सुटकेचा श्वास घेतला, आणि उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच गुणगुण पुन्हा आली. खूप बारीक, पण होती. चुकीच्या जागी झिजलेल्या दातांनी आपली सवय सोडली नव्हती. आता हा गिअरचा जोडच बदलावा लागणार होता. एवढं करून शेवटी हेच.

अप्पा खिडकीबाहेर पाहत होते. "नाही ना आता आवाज?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं किती सोपं होतं. अप्पांना कळलंही नसतं. कळलं असतं ते उद्या, बेकरीवाल्याच्या तोंडून.

"आहे, अप्पा," ती म्हणाली. "थोडा. पाय उचलल्यावर."

अप्पांनी काच वर केली, तिच्याकडे वळून बसले.

"परत वेग घे, पाय उचल," ते म्हणाले. "आणि आवाज आला की मला सांग."