धुरीच्या खोलीतली टाकी

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे हो, फटफटीची, पेट्रोलची! आवाज जरा फाटका येईल, कारण माझ्या पोटाची शिवण उसवलीय. कोणी उसवली ते सांगतेच. पण आधीच बजावून ठेवते, माझा त्यात तिळाएवढा दोष नाही.

जन्म माझा परदेशातला. बोटीतून मुंबईला आले, दोन मालकांच्या गुडघ्यांमध्ये अंगावरचा काळा रंग झिजवला आणि सत्तावन्न साली डहाणूच्या गोविंदरावांकडे आले. कोसबाडच्या वाटेवर त्यांची वाडी आहे, चिकूची आणि केळीची. माणूस कष्टाळू, मनाचा मोकळा. पण काहीही सांगायला जा, "मला माहीत आहे" हे उत्तर तयार! असल्या माणसापुढे देवानंही हात टेकावेत, मी तर बोलूनचालून पत्र्याची.

त्यांची बायको अंबूबाई. तिचं नाक भारी तिखट. दूध असो, डाळ असो, आधी हुंगणार मग घरात घेणार. धाकट्या डहाणूची कोळीण सोनूबाई टोपली उतरवायच्या आत ही सांगायची, बोंबील कालचे की आजचे. गोविंदराव चिडवायचे, "अगं, तू मागल्या जन्मी मांजर होतीस." वीस वर्षं हेच पालुपद!

बासष्ट सालच्या वैशाखात माझ्या पोटात गंज धरला. पेट्रोलबरोबर कचरा खाली उतरायचा आणि फटफटी रानशेतच्या रस्त्यावर मध्येच बंद पडायची. बाजारातला फिटर नारू म्हणाला, "शेठ, टाकी उतरवून धुवायला पायजे. घरी करणार असाल तर नीट ऐका. इंजिन गार होऊ द्या. टाकीखालचा कॉक बंद करा, मगच नळी काढा. पेट्रोल डब्यात ओता, झाकण घट्ट लावा. टाकी घरात नेऊ नका, आगीपासून लांब वाऱ्यावर ठेवा. आणि रिकामी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. भरलेलीपेक्षा रिकामी वाईट, आत वाफ कोंडलेली असते."

"मला माहीत आहे," गोविंदराव म्हणाले. झालं!

दुसऱ्या दिवशी कॉक बंद न करताच त्यांनी नळी उपटली. शेरभर पेट्रोल अंगणातल्या मातीनं प्यायलं. बोल्ट काढताना माझ्या रबरी चकत्या कुठे उडाल्या ते कोंबड्यांना ठाऊक. उरलेलं पेट्रोल डब्यात गेलं आणि मग प्रश्न आला, मला ठेवायचं कुठे? गोठ्यात उंदीर, ओटीवर पाहुण्यांची वर्दळ. शेवटी त्यांनी जागा शोधली. कोरडी, बंद, कुणाचा हात न लागणारी. मला उपडी घातली, झाकण काढून ठेवलं, "थेंबन् थेंब गळून जाऊ दे" म्हणाले आणि दाराला लाकडी आडणा लावून निघून गेले.

अहो, ती धुरीची खोली होती! केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, तिथे रचायचे, कोपऱ्यात निखाऱ्यांचं मडकं ठेवायचं, वर नारळाची सुकी सोडणं टाकायची आणि दार शेणामातीनं लिंपून घ्यायचं. धुराच्या उबेनं केळी पिकतात. लेकीचा, हंसाचा, साखरपुडा चार दिवसांवर आला होता आणि दुसऱ्याच सकाळी धुरी द्यायची होती. लोंगर आत आणून रचले होते कोणी? खुद्द गोविंदरावांनी! त्या लोंगरांच्याच शेजारी मला ठेवताना या माणसाचं डोकं कुठे चरायला गेलं होतं?

माझी वाफ जड. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते. आणि निखारेही जमिनीवरच ठेवतात.

सकाळी अंबूबाई चुलीतले निखारे मडक्यात भरून निघाली. माझा जीव टांगणीला लागला. ओरडू कशी? माझ्यापाशी वासाशिवाय होतं काय? पण तिच्या सासूची शिकवण होती, आधी लोंगर हुंगायचे, मग धुरी किती द्यायची ते ठरवायचं. मडकं तिनं लांब चिकूच्या झाडाखाली ठेवलं, दोन्ही हातांनी आडणा काढला, एक पाऊल आत टाकलं आणि थबकली.

मागे वळून धावतच गेली. मडक्यावर घागरभर पाणी ओतलं, मग येऊन मला फरफटत अंगणात काढलं.

"अहो! ही इथे कोणी ठेवली? आज धुरी आहे ना!"

"अगं, रिकामी आहे ती. थेंब नाही आत."

"वास येतोय."

"तुझं नाक! थांब, दाखवतोच तुला." आणि त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

अरे देवा! काडी ओढून माझ्या तोंडाशी धरली आणि आत डोकावलेसुद्धा. भप्पकन जाळ उठला. माझी शिवण टराटरा उसवली. त्यांच्या भुवया गेल्या, अर्धी मिशी गेली, हात पोळला.

अंबूबाई त्यांच्या हातावर पाणी ओतत होती. ते हाताकडे बघतच नव्हते. त्या एकाच दाराच्या खोलीकडे बघत होते, मग विझवलेल्या मडक्याकडे. "अंबू..." एवढंच म्हणाले.

"बोला ना," ती रडत रडत चिडून म्हणाली, "म्हणा आता मांजर!"

साखरपुड्याला केळी अर्धीकच्ची निघाली आणि व्याही यजमानांच्या भुवया शोधत बसले. फटफटीला नारूनं दुसरी टाकी आणून बसवली. मी गोठ्यामागे पडून आहे, माझ्या आडोशाला कोंबडी अंडी घालते. माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्या बहिणींना घरात कोंडू नका, त्यांना वारा लागू द्या, आणि नारूसारखा माणूस सांगत असेल तेव्हा तोंड मिटून ऐका.

या गोष्टीला चार वर्षं झाली. अजूनही धुरीच्या दिवशी अंबूबाई मडकं घेऊन चिकूखाली थांबते. विडी-काडेपेटी ओटीवर ठेवून आधी गोविंदराव आत जातात, गुडघे टेकतात आणि कोपरा न् कोपरा, जमिनीला नाक लावून, हुंगतात. मग दारात येऊन म्हणतात, "मला काही कळत नाही गं. तू एकदा बघ."