मांडवात कमळाचा आवाज

राजुऱ्याकडच्या त्या गावात हळदीची गाणी म्हटली की कमळाचंच नाव निघायचं. पण नवरा लहानू गेला आणि मांडवातली तिची जागा गेली. विधवेनं हळदीला उभं राहू नये, गाणं तर दूरच. मग ती कापूस वेचताना गायची. वावरात कोण अडवतं?

वामनरावांच्या मयुरीच्या हळदीलाही ती मागच्या पडवीत लसूण सोलत बसली होती. मांडवातून बायकांचे सूर ऐकू येत होते. एक वर, एक खाली. दुसऱ्या कडव्याशी सगळ्याच अडल्या, तशी कमळाला आतल्या आत हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

"कमळाकाकीले बोलवा," पाटावरून मयुरी म्हणाली.

"पोरी, शुभकार्यात असं बोलत नाई," तिची आत्या अनसूयाबाई दारातूनच गरजली. ती स्वतःही तरुणपणीच विधवा झालेली. त्यामुळे रीत काय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

"मंग मी पाटावरून उठतो. लहानपणापासून तिचंच गाणं आयकलं. आता तिले काऊन लपवून ठेवता?"

वामनराव बहिणीकडे पाहत, लेकीकडे पाहत आणि शेवटी मांडवाच्या डहाळ्यांकडे पाहत राहिले. तोवर मयुरीच पडवीत आली आणि तिनं कमळाला हाताला धरून नेलं.

समोर एवढ्या नजरा. कमळा दोन पावलं मागं सरली. बांगड्या भरायला आलेल्या साबिरानं तेवढ्यात ढोलक मांडीवर ओढला. "गा ना बाई, मी हाये," म्हणत तिनं ठेका धरला. कमळानं डोळे मिटले आणि कापसाच्या वावरात जुळवलेलं गाणं उचललं:

"हळद मातीत वाढली बाई, मातीनं नाई पुसलं,
खुरपणारीच्या कपाळी कुंकू हाये का पुसलं!"

कोणीतरी "वा गं!" म्हणालं आणि बायका ती ओळ उचलून धरू लागल्या. कमळाला जोर चढला. हळदीत सोयऱ्यांची थट्टा करायची रीतच असते. तिनं सरळ दाराकडे वळून म्हटलं:

"नवरीची आत्या रुसली बाई, गाल फुगले फार,
गुळाचा खडा द्या ना कोणी, निघून जाईल खार!"

हशा पिकला. अनसूयाबाईचा चेहरा लाल. पण गाण्यातल्या थट्टेला गाण्यातूनच उत्तर द्यावं लागतं, ही रीतसुद्धा तिलाच सगळ्यांत जास्त ठाऊक. ती कमरेवर हात ठेवून मांडवात आली. आवाज चिरकलेला, कित्येक वर्षं न वापरलेला:

"आत्या रुसली नाई गं बाई, आत्या मागते मान,
माह्याही हाताले लावा हळद, मंग गाईन तुमचं गान!"

मयुरीनं वाटीतली हळद घेतली आणि आधी आत्याच्या, मग कमळाच्या हाताला लावली. आत्यानं आपले पिवळे हात डोळ्यांसमोर धरले. रडावं की हसावं, तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "कमळे, पुढचं कडवं म्हण. थांबून काऊन राह्यली?"

हळद बराच वेळ चालली. वामनराव तर पंगतीसाठी स्वयंपाक्याला हाक मारायचंच विसरले.

पुढल्या लग्नसराईत शेजारच्या गावचे लोक बोलवायला आले, ते दोघींनाही. मांडवात पाय ठेवला आणि त्यांचं भांडण जुंपलं: पहिलं कडवं कोणी धरायचं?