आतून येणारा वारा

मी खिडकी आहे. दारासारखी उघडणारी नव्हे, मी सरकते. मला दोन झडपा, एक वरची, एक खालची. एकीच्या अंगावरून दुसरी चढते-उतरते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदरावरच्या चढणीच्या गल्लीत, एका दगडी घराच्या वरच्या मजल्यावर मी बसलेय. गल्लीतून मान वर केलीत तर पडद्यामागे पांढऱ्या केसांची एक म्हातारी दिसेल. ती नेटा मोवॅट. गोष्ट माझी आहे खरी, पण नेटाला वगळून ती सांगता येत नाही मला.

माझं लाकूड समुद्रापलीकडून आलं, पाइनचं. सुताराने माझ्या दोन्ही कुशी पोकळ ठेवल्या आणि आत लोखंडी वजनं दोरीला बांधून कप्पीवरून सोडली. झडप वर गेली की वजन खाली येतं. बाहेरून कुणाला काही कळत नाही, बाईच्या पोटातल्या गोष्टीसारखं. आणि झडपेच्या चहूबाजूंनी त्याने बोटाच्या नखाएवढी जागा सोडली. हलायचं तर अंग मोकळं लागतं ना! ती जागा माझी होती, पण वाऱ्याने ती पहिल्याच हिवाळ्यात आपल्या नावावर करून टाकली.

नेटा लग्न होऊन आली ती डूगलच्या मागून, हातात एक ट्रंक आणि डोक्याला रुमाल बांधून. डूगल हेरिंग माशांच्या बोटीवर. आठ-आठ दिवस समुद्रावर गारठून यायचा आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या माझ्याकडे रोखून बघायचा. अंगठा जिभेला लावून ओला करायचा आणि माझ्या कडेकडेने फिरवायचा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर, मग दोन झडपा जिथे भेटतात तिथे थांबून, मग पलीकडून खाली. ओल्या अंगठ्याला गार लागलं की समजायचं, इथून येतोय.

“समुद्रावर वारा खातो,” तो म्हणायचा, “घरात पण तोच वाढणार का?”

दर शरद ऋतूत त्याचा उद्योग ठरलेला. जुन्या स्वेटरच्या पट्ट्या कापायच्या आणि लोण्याच्या सुरीने माझ्या फटींत कोंबायच्या. वर्तमानपत्राच्या घड्या करून दोन झडपांच्या मध्ये ठोकायच्या. कापडाची लांबलचक पिशवी भुशाने भरून माझ्या पायाशी आडवी टाकायची. नेटा त्या पिशवीला पाय लावून म्हणायची, “कुत्रा पाळू या म्हणत होते मी, तर हा बरा आणलास. भुंकत नाही, खात नाही.”

वसंत आला की हे सगळं निघायचं, मी कुरकुरत वर सरकायची आणि आत उन्हाचा, डांबराचा, मासळीचा वास शिरायचा. तेव्हा मला खिडकी असल्याचं बरं वाटायचं.

मग डूगलची छाती बिघडली. बोटीवरून उतरवला त्याला. दिवसभर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा, आणि बसल्या बसल्या वाऱ्याशी त्याचं वैर वाढत गेलं. एका शरदात चिंध्या-कागदावर त्याचं समाधान होईना. बोटीचा उरलेला हिरवा रंग त्याने काढला आणि ब्रश भरभरून माझ्या फटींतच ओतला. झडप, चौकट, मधली पट्टी, सगळं एकजीव.

खालच्या मजल्यावरची विल्मा चहाला आली होती. ती म्हणाली, “अरे बाबा, उन्हाळ्यात काय करशील? वाफेवर शिजशील की!”

“उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू,” डूगल म्हणाला, आणि माझ्या काचेवर टिचकी मारून वाऱ्याला म्हणाला, “ये आता. ये बघू.”

तो उन्हाळा त्याला दिसला नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तिथल्याच पलंगावर, तो गेला.

विल्मा धावत वर आली. तिने भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आरशावर टॉवेल टाकला, आणि म्हणाली, “नेटा, खिडकी उघड. त्याला वाट दे.”

इथली रीत आहे ती. घरात कुणी गेलं की खिडकी वीतभर वर करायची, म्हणजे जीव निघून जातो. आणि थोड्या वेळाने बंद करायची, म्हणजे तो परत फिरत नाही. माझ्यातून डूगलची आई अशीच गेली होती, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हलकी गेली होती.

नेटा उठली. तिने दोन्ही तळवे माझ्या खालच्या झडपेला लावले. आता मला ढकलणारे हात कळतात हो, जन्म त्यातच गेला. रंग जाड होता, मी अडकलेली होते, हे सगळं खरं. पण त्या हातांत जोर नव्हता. ती नुसती टेकून उभी होती, आपल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तशी.

“घट्ट बसलीय गं,” ती म्हणाली.

“सुरी आण. रंग कापते मी.”

“राहू दे. डूगलने रंगवलंय ते.”

“अगं, पण तो जाणार कुठून?”

“राहू दे म्हटलं ना, विल्मा!”

 विल्माने जिन्याचं दार उघडून ठेवलं, पण तिची नजर माझ्यावरून हटत नव्हती.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पडदा हलला.

वारा बाहेरून आला की पडदा खोलीत फुगतो, पोरंसोरंही सांगतील. हा पडदा उलटा गेला. काचेला जाऊन चिकटला, ओल्या कपड्यासारखा. मागोमाग माझ्या कडेला गार लागलं, आतल्या बाजूने. खालच्या डाव्या कोपऱ्यातून ते वर चढलं, दोन झडपा भेटतात तिथे थांबलं, मग पलीकडून खाली उतरलं. खोलीला ओल्या लोकरीचा वास आला. माझ्या लाकडाने तो अंगठा ओळखला. पूर्वी तो फट शोधायचा ती बुजवायला. आता निघायला शोधत होता.

नेटाने पाहिलं. ती घाबरली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आहेस होय.”

पुढची कितीतरी वर्षं अशीच गेली. नेटा अंगात कोट घालून माझ्यासमोर बसायची आणि त्याला गल्लीच्या बातम्या सांगायची. विल्माच्या मांजरीला पिल्लं झाली, पाद्र्याचा गुडघा दुखतोय, आपल्या धाकट्या मुलाने लिव्हरपूलला घर घेतलं. शरद आला की कुठे रंग तडकलाय का बघायची आणि ताबडतोब पुट्टी भरायची. लोकांना वाटायचं, म्हातारीला थंडी सोसत नाही. विल्मा जिन्यात गाठून टोमणा मारायची, “आता घरालाच स्वेटर विण, म्हणजे झालं!”

खोलीचा श्वास कोंडला. माझ्या काचांवरून पाणी ओघळायचं, कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी धरली, माझं लाकूड खालून मऊ पडत चाललं. आणि तो गारवा रोज फिरत राहिला. थकत नव्हता आणि थांबतही नव्हता.

मागच्या हिवाळ्यात नेटाची नात इशबेल राहायला आली. नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला, कडेवर चार महिन्यांची नेल. रिकामी खोली ही एकच.

“त्या खोलीत नको,” नेटा म्हणाली. “गार आहे ती.”

“मग तू तिथे तासन् तास काय करतेस गं?”

“शिवते.”

“आजी, तुला सुईत दोरा ओवता येत नाही!”

पाळणा माझ्यापासून दोन हातांवर लागला. पोरगी पहिल्या आठवड्यातच खोकायला लागली. बारीक, कोरडा खोकला. इशबेलने शेकोटी पेटवली, दुलईवर दुलई घातली, तरी दुलईची कड आपोआप माझ्या बाजूला उडायची. शेवटी तिने फर्गस नावाच्या सुताराला बोलावलं.

फर्गसने माझ्यावर हात फिरवला, रंगाचे थर बघितले आणि शीळ घातली. “हिला तर जिवंत चिणलीय! मोवॅटबाई, वारा अडवायला खिडकी बुजवत नाहीत. मी दोन्ही झडपा काढतो, सडलेलं लाकूड बदलतो, बाजूच्या पट्ट्यांना खाच पाडून आत केसाळ पट्टी बसवतो. मग सरकेल पण, आणि वारा पण येणार नाही.”

“झडपा काढणार?” नेटा म्हणाली.

“काढल्याशिवाय कसं? दुपारपर्यंत नुसतं भोक राहील. पोरीला स्वयंपाकघरात ठेवा.”

“नको. काही काढायचं नाही.”

“आजी!” इशबेलचा आवाज चढला. “पोरगी खोकून निळी पडतेय. खिडकी मोठी का ती मोठी?”

“तुला नाही कळायचं.”

“नाही कळायचं तर मी आजच जाते. बर्फात, बसने, हिला घेऊन. आणि परत नाही यायची.” तिने पाळण्यातून पोर उचललं आणि बॅग भरायला गेली. फर्गस हत्यारं घेऊन अवघडून जिन्यात जाऊन उभा राहिला.

खोलीत नेटा आणि मी. आणि तो.

पडदा काचेला चिकटला. नेटाने हळूच आपला अंगठा जिभेला लावला आणि त्या गारव्याच्या मागोमाग माझ्या कडेने फिरवला. खालून वर. मध्ये थांबली. 

“डूगल,” ती म्हणाली, “गारठलास ना रे?”

 बाहेरच्या खोलीत नेल खोकली.

“तुला वारा कधी सोसला नाही,” नेटा म्हणाली, “आणि मी तुझाच वारा करून ठेवला.”

तिने दार उघडून फर्गसला हाक मारली, “सुरी दे इकडे.” तो म्हणाला, मी कापतो. ती म्हणाली, “दे म्हटलं ना.” रंग तिने स्वतः कापला. हिरव्या सालपटांचा तिच्या पायाशी ढीग झाला. मग तिने दोन्ही तळवे माझ्या झडपेला लावले. या वेळी ढकललं. म्हातारे हात, पण त्यांच्यात आख्खी बाई होती. मी करकरले, हलले, वर गेले.

त्याच झटक्याला माझ्या कुजलेल्या दोऱ्या तुटल्या आणि वजनं धाडकन कुशींत कोसळली. झडपेचा सगळा भार नेटाच्या हातांवर आला. फर्गस पुढे धावला.

“थांब,” ती दातओठ खाऊन म्हणाली. “अजून नाही.”

हात वर, मान खाली, तशी ती उभी राहिली. पडदा तिच्या खांद्यावरून बाहेर गेला, समुद्राकडे, ताणून, आणि मग सैल पडला. माझ्या खालून काहीतरी गेलं. वजन नव्हतं त्याला. ओल्या लोकरीचा वास तेवढा क्षणभर दाट झाला.

“घे आता,” नेटा म्हणाली.

फर्गसने चांगलं काम केलं. दोन्ही दोऱ्या नव्या, खालचं लाकूड नवं, बाजूंनी मऊ केसाळ पट्टी. एका बोटाने सरकते मी, आणि बंद झाले की मेणबत्तीची ज्योत हलत नाही. इशबेलने बॅग रिकामी केली. नेलचा खोकला वसंताआधीच गेला.

काम झालं त्या संध्याकाळी नेटाने अंगठा ओला करून माझ्या चारही कडांनी फिरवला. फर्गस हत्यारं आवरत होता.

“लागतंय का काही?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच लागत नाही.” आणि बराच वेळ तिने अंगठा तिथून काढला नाही.

अजून ती माझ्यासमोर बसते. कोट लागत नाही आता. बोलत मात्र नाही. कधीकधी उगीच मला वीतभर वर करते, वाट बघते, बंद करते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. पुढेमागे या घरात कुणी रंगाचा डबा घेऊन आलंच, तर त्याला सांभाळून हात चालवायला सांगा. फटीत ब्रश घालू देऊ नका. म्हातारीला अजून माझ्यातूनच जायचंय.