परखीने पाहिलेली आतली रांग

मित्रांनो, पोत्यात खुपसून मूठभर धान्य बाहेर काढणारी टोकदार पोकळ नळी म्हणजे परखी. मी त्यातलीच एक, आता बरीच जुनी. लोहाराने मला घडवलं तेच मुळी दुसऱ्याच्या पोटात नाक खुपसायला. तेव्हा चौकस स्वभावाबद्दल मला बोल लावू नका.

दाणा तोंडात आला की मला त्याची जन्मकथा कळते. सुरकुतलेला असेल तर पावसाने पाठ फिरवली. काळवंडलेला असेल तर पाऊस नको तेव्हा मुक्कामाला आला. पण माणसं उपाशी का राहतात, हे कोडं सुटेना. कारण मी जिथे घुसले तिथे धान्य होतंच.

एका वर्षी नदीकाठची वस्ती पुरात गेली. तिच्यासाठी आलेल्या पोत्यांची आमच्या गोदामात थप्पी लागली. तपासणीशिवाय पोतं हलवायचं नाही, असा नियम. तपासनीस साहेब सात आठवड्यांनी उगवले. आधी रस्ता नव्हता, मग आदेश नव्हता, मग साहेब रजेवर होते. आल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांनी मला बाहेरच्या रांगेत, छातीच्या उंचीवर, पाच ठिकाणी टोचलं. वाकायचं नाही, चढायचं नाही. दाणे खणखणीत निघाले. साहेब खूश.

गोदाम झाडणारी मावशी हे बघत होती. तिची बहीण पोराबाळांसकट त्याच वस्तीतली. आता शाळेच्या वर्गात राहून एक वेळ जेवणारी. मावशीने आतलं एक पोतं बघायला सांगितलं. साहेब म्हणाले, सगळी थप्पी एकच आहे.

"बाजारात वरचं फळ बघून अख्खी पाटी घेता का, साहेब?"

साहेबांनी शिडी नसल्याचं कळवलं. मग मावशीच मला कमरेला खोचून वर चढली आणि तिने मला मधोमध खुपसलं. छत गळत होतं. माझ्या तोंडातून हिरवट, आंबूस लगदा निघाला.

साहेबांना लगेच दुसरा नियम आठवला: एक पोतं खराब तर सगळी थप्पी बाद. मावशीचा चेहरा उतरला. खरं बोलून तिनेच भाच्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखं झालं.

"मग एकेक पोतं टोचा," ती म्हणाली. "चांगलं ते आजच जाऊ दे. मी निवडते."

याच्याविरुद्धचा नियम साहेबांना पटकन आठवेना. दिवस मावळेपर्यंत मी प्रत्येक पोत्यात जाऊन आले. निम्म्याहून जास्त पोती चांगली निघाली आणि गाडी त्या शाळेकडे गेली. उरलेलं धान्य पुराने नव्हे, वाट बघून मेलं होतं.

मित्रांनो, पानात टाकू नका हे तुम्हाला घरी सांगतातच. माझी विनंती वेगळी आहे. कुठे धान्य अडून पडलेलं दिसलं तर नियमाला जरूर मान द्या, पण त्याला एवढं विचारा: तोवर त्या मुलांनी काय खायचं?