बोर्तोलोकाकाच्या दुनळीचा वाकडा दस्ता

बोर्तोलोकाका दुनळी बंदूक घेऊन आला तेव्हा बाबा आमच्या बंदुकांच्या दुकानाच्या दाराशी उन्हात खुर्ची टाकून बसले होते. वय शहाऐंशी, हात थरथरतात, पण जिभेला अजून गंज नाही.

"या शिकारी! यंदा कुठली झुडपं मारणार?"

काका नेहमीसारखा हसला. अडतीस वर्षं हा माणूस असाच हसत आलाय. इटलीतल्या आमच्या गार्दोने गावात, जिथे घरोघरी बंदुका घडतात, चालता येण्याआधी पोरं नेम धरतात, आणि याच्या हातून आजवर एक ससा पडला नाही. ससे म्हणे त्याला बघून टोपी काढतात. हा विनोदही बाबांचाच.

"हस, फाउस्तिनो. हे शेवटचं वर्ष. गुडघा पुरे म्हणतोय," काका म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पिएरिना, चांदी सैल झालीय बघ. एक ससा मारू दे, मग हिला भिंतीवर टांगतो. तुझ्या बाबाच्या हातची बंदूक आहे गं, तिच्यात खोट नाही. खोट माझ्यात."

नळ्या त्याच्या आजोबांच्या काळच्या, दस्ता मात्र अडतीस वर्षांपूर्वी बाबांनी नवा बसवलेला. अक्रोडाचं काय देखणं लाकूड! बुडाला चांदीची पट्टी, तिच्यावर धावता कुत्रा. पोटाशी नावाची अक्षरं कोरलेला लंबगोल बिल्ला. चापाखाली चांदीची महिरप, तिचं शेपूट दस्त्याच्या मुठीवरून खाली उतरलेलं. ते शेपूट सोडवून मी टेबलावर ठेवलं, तर ते डावीकडे झुकलेलं. म्हटलं, कुठेतरी आपटलं असेल. मग नळीच्या टोकापासून दस्त्याच्या बुडापर्यंत दोरी ताणली, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा ताणून पाहिली.

उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा दस्ता किंचित उजवीकडे वाकवतात, म्हणजे नळी डोळ्यासमोर येते. हा डावीकडे वाकलेला होता. बोटभर! सगळे छर्रे सशाच्या डावीकडे जाणार, दुसरं काय होणार?

कसं झालं तेही लगेच कळलं. माप घेताना गिऱ्हाईक समोर उभं राहून कारागिराच्या डोळ्यावर नेम धरतं. त्याचं उजवं ते आपलं डावं. बाबांनी दिसलं तसं कागदावर उतरवलं आणि उलटं करायला विसरले. असली चूक पहिल्या वर्षाच्या शिकाऊने केली असती, तर बाबांनी त्याला नदीत फेकलं असतं.

"बाबा, आत या," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला नाही. नुसता अंगठा मुठीवरून फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला.

"तेल तापव," ते हळूच म्हणाले. "सरळ कर. आणि तोंड शिव."

"का शिवू? रोज संध्याकाळी त्याची टिंगल कोण करतं? तुम्हीच ना?"

"पिएरिना, साठ वर्षं मी दस्ते केले. माझ्याकडे तेवढं नावच राहिलंय."

"आणि त्याचं नाव? त्याचं काय केलंत तुम्ही?"

मला इतका राग आला होता की हातोडी ठेवली ती पायावरच. पण बापच तो. मी तोंड शिवलं.

चांदी सगळी उतरवली. मुठीला फडकं गुंडाळून लाकूड नरम पडावं म्हणून तासभर जवसाचं तापलेलं तेल ओतत राहिले, मग शिकंज्यात धरून दस्ता केसाकेसाने वाकवला. जुनं लाकूड, कधी तडकेल नेम नाही. नाही तडकलं. मग महिरपीचं शेपूट नव्या वळणावर बसवलं, बिल्ला घट्ट केला. दुनळी काकाला परत दिली, पण दस्त्याचं काही सांगितलं नाही.

सप्टेंबरातल्या शिकारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी, पुलाजवळच्या खानावळीत आम्ही वाइन घेऊन बसलो होतो. दार धाडकन उघडलं आणि बोर्तोलोकाका आत! दोन्ही हातांत एकेक ससा. अख्खी खानावळ उठून ओरडली. कुणी त्याची पाठ बडवली, कुणी टोपी उडवली, मालकिणीने ससे घेऊन मक्याच्या पिठाच्या पोलेंटाचं पातेलं चढवलं.

काका थेट बाबांसमोर आला. डोळे भरलेले. "फाउस्तिनो, तुझ्या बंदुकीला शोभेल असा हात शेवटी आला बघ मला. अडतीस वर्षं मी तिची अब्रू घालवली. माफ कर रे."

बाबांनी पेला टेबलावर ठेवला. मी मान खाली घातली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा काठीशिवाय उभे होते.

"हात तुझा पहिल्यापासून चांगलाच होता, बोर्तोलो. दस्ता मी उलटा वाकवला. माप मी कागदावर उलटं उतरवलं. पोरीने परवा सरळ केला."

काकाने दुनळी खांद्यावरून काढली. वाटलं, आता हा दुनळीच घालतो बाबांच्या डोक्यात, आणि घातली तरी मी मध्ये पडणार नव्हते.

"म्हणजे मला मारता येत होतं?"

"येत होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो रे बाबा, पहिल्या दिवसापासून."

काकाने दुनळी सावकाश टेबलावर ठेवली. बाबांच्या शेजारची खुर्ची ओढली, ऐसपैस बसला, आणि अख्ख्या खानावळीकडे तोंड करून म्हणाला, "फाउस्तिनो, पुन्हा सांग. मागच्या टेबलावर ऐकू गेलं नाही."

बाबांनी घसा खाकरला, आणि अजून मोठ्याने सांगितलं.